बोटीच्या डेकची पकड कशी टिकवायची

ओल्या डेकवर पाय सटकला की दोष पावसाला नाहीतर चपलेला दिला जातो. बहुतेक वेळा कारण डेकमध्येच असतं. फायबरच्या बोटीचा डेक साच्यातून निघतो तेव्हाच त्यावर बारीक शंकरपाळ्यांची किंवा दाण्यांची नक्षी उठलेली असते. लाकडावर फायबर चढवलेल्या बोटीवर तोच खरखरीतपणा रंगात वाळू टाकून आणलेला असतो. काम दोन्हीकडे एकाच रीतीने चालतं. उंचवटे तळपायाला धरतात आणि मधल्या खळग्यांतून पाणी बाजूला होतं. उंचवटे झिजायला कित्येक वर्षं लागतात, खळगे मात्र एका हंगामात बुजतात. खवले, बांगडा-तारलीचं तेल, डिझेल, नीट न धुतलेला साबण, आणि सगळ्यात वाईट म्हणजे नारळीपौर्णिमेच्या आधी दरवर्षी मारलेला चकचकीत ऑइल पेंटचा हात. पाटा गुळगुळीत झाला की वाटण नुसतं सरकत राहतं, तसंच हे. फरक इतकाच की पाट्याला पुन्हा टाकी लावून घेता येते. जेलकोट, म्हणजे फायबरवरचा सगळ्यात बाहेरचा कडक थर, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो, त्याला टाकी लावायची सोय नाही. म्हणून डेकची देखभाल म्हणजे मुख्यतः खळगे मोकळे ठेवणं.

खाली लिहिलेलं कोकणपट्टीवरच्या फायबरच्या मासेमारी बोटी आणि तारकर्ली-दांडीसारख्या ठिकाणच्या पर्यटन बोटी डोळ्यांसमोर ठेवून आहे.

आधी बघा, पकड किती उरली आहे

अंधार पडल्यावर टॉर्च डेकला टेकवून आडवा उजेड टाका. नक्षी शाबूत असेल तर प्रत्येक दाण्याची छोटी सावली पडते. जिथे सावल्याच दिसत नाहीत तिथे एकतर खळगे भरलेत किंवा दाणे झिजलेत. नखाने किंवा बांबूच्या काडीने एक खळगा खरवडा. काळपट चिकट मळ निघाला तर धुण्याने काम होईल. रंगाचा कपचा निघाला तर थरावर थर चढून नक्षी बुजली आहे, तिथे धुऊन काही होणार नाही. काहीच निघालं नाही आणि पृष्ठभाग सपाटच लागला तर ती खरी झीज. ती बहुधा विंचसमोर (जाळं-दोर ओढायच्या यंत्रासमोर), मासळी ठेवायच्या खणाच्या तोंडाशी आणि केबिनच्या दारात सापडते.

आकडाच हवा असेल तर माशाच्या वजनाचा स्प्रिंगचा काटा पुरतो. रबरी तळाची एक जुनी चप्पल घ्या, तिच्यावर ५ किलोचं वजन बांधा, डेकवर तांब्याभर पाणी ओता, आणि काटा अडकवून चप्पल आडवी, सावकाश ओढा. ती हलते त्या क्षणीचा आकडा लिहून ठेवा. तीच चप्पल, तेवढंच वजन, दर हंगामाला त्याच चार जागा. आकडा अडीच किलोच्या खाली गेला तर ओझ्याच्या निम्म्याहून कमी ओढीवर चप्पल सुटते आहे; लाटेत बोट कलली की माणूस उभा राहायचा नाही. पहिल्या वर्षीच्या आकड्याच्या दोन-तृतीयांशावर तो आला की दुरुस्तीचं मनावर घ्या.

रोजचं धुणं

मासळी उतरवली की लगेच, रक्त आणि बुळबुळ ओली असतानाच, डेकवर पाणी मारा. पाणी गार हवं. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं अंड्यासारखी शिजतात आणि खळग्यात घट्ट बसतात. समुद्राचं पाणी चालेल, पण जेटीच्या आतलं तेलकट पाणी नको. आत शिरण्यापूर्वी बाहेरच दोन बादल्या मारून घेणं बरं.

आठवड्यातून एकदा साबणाने धुवायचं. १० लिटरच्या बादलीत भांडी घासायच्या द्रवाचे ३० ते ४० मिली, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. त्याहून जास्त घालून डेक जास्त स्वच्छ होत नाही, फक्त साबण धुऊन काढायला दुप्पट पाणी लागतं. तो निघाला नाही तर खळग्यात त्याचाच राप बसतो आणि पुढच्या पावसात डेक साबणाच्या वडीसारखा होतो. एका वेळी चटईएवढाच भाग घ्या. पाणी टाका, तीन मिनिटं मुरू द्या, मग मध्यम कडक नायलॉनच्या ब्रशने तीन दिशांनी घासा. नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, मागे, मग आडवं, मग तिरपं. शंकरपाळीच्या नक्षीत एकाच दिशेने घासलं तर दाण्याच्या एकाच बाजूचा मळ निघतो आणि दुसऱ्या बाजूला तसाच राहतो. हे तिसरं, तिरपं घासणं बहुतेक ठिकाणी गाळलं जातं, आणि डेक धुऊनही करडाच दिसतो तो त्यामुळे. फेस सुकायच्या आत गोड्या पाण्याने धुवा. गोडं पाणी कमी असेल तर समुद्राच्या पाण्याने धुऊन शेवटची एक बादली तरी गोडी ओता.

ब्रश नसेल तर नारळाच्या सोडणाचा काथ्या चांगला चालतो, नायलॉनपेक्षा मऊ असतो आणि खळग्यात शिरतो. लोखंडी तारेचा ब्रश आणि भांड्यांची तारेची घासणी डेकवर आणूच नका. त्यांचे बारीक तुकडे खळग्यात अडकतात आणि चार दिवसांत डेकवर गंजाचे शेकडो ठिपके उगवतात.

प्रेशर वॉशर वापरायला हरकत नाही, पण तो हातात आला की माणसाला भान राहत नाही. २५ ते ४० अंशांचा पसरट नोझल लावा, दाब १५०० पीएसआयच्या आत ठेवा आणि नोझल डेकपासून फूटभर लांब धरा. सरळ बारीक धारेने दाण्यांचे टवके उडतात. क्लीट (दोर बांधायचा खुंट), बिजागरी, झाकणाच्या कडा यांवर धार मारली तर सीलंटच्या फटीतून पाणी आत जातं आणि डेकच्या पोटातल्या प्लायवूडपर्यंत पोचतं. डेक तिथे कुजायला लागतो आणि वरून वर्षभर काही कळत नाही.

डाग

माशाच्या तेलाचा पातळ थर नुसत्या साबणाने निघत नाही. त्याला पाण्यात मिसळणारा डीग्रीझर, म्हणजे तेल-ग्रीस काढणारा द्रव, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात लावा, पाच मिनिटं ठेवा, घासा, धुवा. डिझेल किंवा इंजिन ऑइल सांडलं तर आधी कोरडा भुसा किंवा चिंध्या टाकून टिपून घ्या. आधी पाणी मारलं तर ते डेकभर पसरतं. टिपलेला भुसा समुद्रात झटकायचा नाही, पोत्यात भरून जेटीवर उतरवायचा.

पक्ष्यांची विष्ठा सुकी असताना खरवडू नका. ओलं गोणपाट वीस मिनिटं टाकून ठेवलं तर ती आपोआप सुटते.

गंजाचे ओघळ येतात ते खिळ्यांमधून, साखळीतून किंवा स्टेनलेसच्या नावाखाली विकलेल्या स्क्रूमधून. त्याला ब्लीच लावायचा मोह होतो, पण ब्लीचने गंज निघत नाही, उलट डाग पक्का होतो. उपाय आहे ऑक्झॅलिक ॲसिड. फरशी पॉलिश करणाऱ्यांचं सामान मिळतं त्या दुकानात पांढरी पूड म्हणून मिळतं. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम घ्या, ब्रशने डागावर लावा, १० ते १५ मिनिटं ओलं ठेवा, भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे आणि चष्मा हवेतच. पूड विषारी आहे, नाकातोंडात जाऊ देऊ नका. ॲल्युमिनियम आणि गॅल्व्हनाइज केलेल्या भागांवर लावू नका. आणि डाग घालवताना त्याचा उगमही बदला. तोच स्क्रू तिथे राहिला तर पंधरा दिवसांत डाग परत दिसेल.

काळी बुरशी आणि हिरवं शेवाळ यांना मात्र ब्लीच चालतं. घरगुती ब्लीच एक भाग, पाणी दहा भाग, दहा मिनिटं ठेवून धुवा. ऑक्झॅलिक आणि ब्लीच एकाच दिवशी वापरायचं असेल तर मधे पूर्ण धुऊन घ्या. दोन्ही एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि केबिनच्या आडोशाला तो जमून राहतो. संडास धुवायचं ॲसिड डेकवर वापरूच नये. त्याने जेलकोट पिवळट होतो आणि जवळच्या गॅल्व्हनाइज, ॲल्युमिनियम, अगदी स्टेनलेसच्या फिटिंगचीही वाट लागते.

चमक नको

पर्यटन बोटींवर ही चूक सर्रास होते. बाजूच्या भिंतींना मेण-पॉलिश लावताना उरलेला हात डेकवरही फिरवला जातो, किंवा गाडीच्या डॅशबोर्डचा सिलिकॉन स्प्रे मारला जातो. फोटोत डेक छान चमकतो. पाणी पडलं की त्याच डेकवर पहिला पर्यटक बसतो, आणि तोही न सांगता. मेण खळग्यांत साचतं, उन्हात मऊ होतं, धूळ धरतं. सिलिकॉनचा त्रास आणखी लांबचा आहे. तो थर पुढे कधी रंग मारायला घेतला की रंगाला ठिकठिकाणी गोल डोळे पाडतो, रंग त्या जागेवरून मागे सरतो आणि कितीही हात मारले तरी बसत नाही.

जेलकोटला उन्हापासून काही संरक्षण द्यायचंच असेल तर खास नॉनस्किड, म्हणजे खरखरीत नक्षीच्या, डेकसाठी बनवलेला पॉलिमर सीलर मिळतो तोच लावा, आणि तोही पातळ. लावल्यावर चप्पल-काट्याची परीक्षा पुन्हा करा. आकडा खाली गेला तर तो सीलर तुमच्या डेकचा नाही.

मेण आहे की नाही हे ओळखायची खूण सोपी. धुतलेल्या, सुकलेल्या डेकवर ओंजळभर गोडं पाणी टाका. अळूच्या पानावरच्यासारखे थेंब गोळा झाले तर मेण किंवा तेल शिल्लक आहे. पाणी सलग पातळ पसरलं आणि अर्धं मिनिट तसंच राहिलं तर डेक स्वच्छ आहे. रंगकामाच्या आधी हीच परीक्षा करायची आहे, लक्षात ठेवा.

झीज लांबवायची तर

किनाऱ्याची वाळू पायाला लागून डेकवर येते आणि तीच पॉलिश पेपरचं काम करते. शिडीपाशी पाण्याची एक पसरट बादली ठेवून पाय बुडवून वर यायची सवय लावली तर अर्धी झीज तिथेच थांबते. बर्फाचे टब ओढू नका, उचला. उचलणं शक्य नसेल तर त्यांच्या वाटेवर भोकांची रबरी चटई टाका. नांगर आणि साखळी पडते त्या जागेलाही तीच. चटई रोज उचलून खालचं पाणी काढायला हवं. आठवडाभर न हललेल्या चटईखाली जी बुळबुळ तयार होते ती उघड्या डेकपेक्षा वाईट.

पावसाळ्यात बोट शाकारताना ताडपत्री किंवा प्लास्टिक कागद डेकला चिकटवून बांधू नका. मधे बांबूचा आडा घालून कागद डेकपासून निदान दोन फूट वर ठेवा आणि पुढचा-मागचा भाग वाऱ्याला उघडा सोडा. हवा खेळली नाही तर ऑगस्टमध्ये डेक उघडल्यावर सगळीकडे बुरशी, आणि कोंडलेल्या दमटपणाने जुना रंग फुगलेला. झापांनी शाकारलेल्या बोटींवर हा त्रास कमी दिसतो, कारण झाप पाणी अडवतो, वारा अडवत नाही. बोट टेकवताना तिला किंचित उतार द्या, म्हणजे आत गेलेलं पाणी साचणार नाही, आणि डेकची पाणी जायची भोकं कचऱ्याने तुंबलेली नाहीत हे पाहा.

टवका उडाला असेल तर

रुपयाच्या नाण्याएवढा टवका जेलकोटनेच भरता येतो. सैल कडा खरवडून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि ॲसिटोनने पुसा. आत प्लाय दिसत असेल तर तो पूर्ण सुकेपर्यंत भरू नका. जेलकोटमध्ये हार्डनर, म्हणजे त्याला घट्ट करणारं रसायन, १ ते १.५ टक्का पुरतो. ३० अंशांच्या हवेत त्याहून जास्त घातलं तर तो डब्यातच घट्ट होतो आणि भरलेला भाग ठिसूळ बनतो. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्म्याशिवाय हात लावू नका. कोबाल्टचं ॲक्सिलरेटर (घट्ट व्हायचा वेग वाढवणारं) वेगळं मिळालं असेल तर ते आधी जेलकोटमध्ये पूर्ण ढवळून घ्या आणि मगच हार्डनर घाला. दोन्ही थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो, स्फोटही होतो.

भरलेली जागा सपाट राहिली तर तिथेच पाय घसरेल. म्हणून जेलकोट चिकट असतानाच कडक, आखूड केसांच्या ब्रशने हलके ठोके देऊन खरखरीत करा. वर जाड प्लास्टिकचा तुकडा अंथरला की पृष्ठभाग नीट सुकतो. उघड्या हवेत साधा जेलकोट वरून चिकटच राहतो.

टवक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा असतील, किंवा हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर टणक आवाजाऐवजी बद्द आवाज येत असेल, तर पकडीचं काम थांबवा. खालचा प्लाय गेला आहे. त्यावर कितीही छान रंग मारलात तरी तो डेक पायाखाली दबेल आणि रंग फाटेल. आधी कुजका भाग कापून नवा प्लाय आणि फायबर घाला.

वाळूचा रंग नव्याने मारणं

नक्षीच संपली असेल तर हा एकच मार्ग उरतो. या कामात बिघडतं ते जवळजवळ नेहमी वेळेमुळे. जून-जुलैच्या बंदीत बोट वर असते, माणसं रिकामी असतात, म्हणून तेव्हाच रंग मारला जातो, आणि तोच सगळ्यात चुकीचा काळ आहे. हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांवर असेल किंवा डेकचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी वर नसेल तर रंगाखाली ओल अडकते. दुसरं टोक मे महिन्याचं. भर दुपारी डेकला हात लावता येत नाही तेव्हा रंग वरून लगेच सुकतो, आतून सुकत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दव उडाल्यावर दहापासून दुपारी तीनपर्यंत, हा खरा मोसम. त्यासाठी कामाचे चार दिवस आणि वर रंग पक्का व्हायचे सात दिवस बोट बंद ठेवावी लागते हे खरं आहे. पावसाळ्यातच करायचं असेल तर पक्की शेड हवी, आणि उघडीप धरून नुसती तयारी उरकून रंग पुढे ढकलणं हेही चालतं.

प्लाय ओला आहे का हे बघायला दीड फूट चौरस स्वच्छ प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने डेकवर चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला घाम दिसला तर थांबा.

जुना रंग कोणता आहे ते कळायला थिनरमध्ये भिजवलेली चिंधी त्यावर पाच मिनिटं दाबून ठेवा. रंग मऊ पडला, सुरकुतला, चिंधीला लागला, तर तो साधा ऑइल पेंट आहे. त्यावर दोन डब्यांचा (रंग आणि हार्डनर मिसळून मारायचा) पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, रंग मारला की खालचा थर उकलतो आणि सगळं कातडीसारखं सोलून येतं. तो पूर्ण काढावाच लागेल.

सामान, १५ चौरस मीटर डेकसाठी: दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर, दोन डब्यांचा पीयू रंग ७ ते ८ लिटर, वाळू १५ किलो, मास्किंग टेप, आखूड केसांचे चार रोलर, ८० आणि १२० नंबरचे पॉलिश पेपर, भरपूर स्वच्छ सुती चिंध्या, मास्क. पीयू एवढा का? सपाट जागेवर एक लिटर ८ ते १० चौरस मीटर जातो, पण वाळूवर तोच लिटर पाचावर येतो. शेवटचा हात इपॉक्सीचा ठेवून पैसे वाचवायला जाऊ नका, उन्हात इपॉक्सीचा वर्षभरात खडू होतो.

वाळू किनाऱ्याची नको, कितीही बारीक आणि फुकट असली तरी. तिच्यातलं मीठ रंगाच्या आडून पाणी ओढतं आणि रंगाला फोड येतात, शिंपल्यांचे कण पायाखाली चुरतात. जलतरण तलावाच्या फिल्टरची किंवा सँडब्लास्टिंगची धुतलेली सिलिका वाळू घ्या, तव्यावर किंवा उन्हात खडखडीत वाळवा आणि चाळा. रव्याच्या चाळणीतून पडेल आणि मैद्याच्या चाळणीवर राहील ती आपली. म्हणजे दाणा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. जाळी ओढणाऱ्या खलाशांना गुडघे टेकावे लागतात. त्यांच्यासाठी याहून जाड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखी धारदार खडी टाकली तर गुडघे आणि जाळी दोन्ही फाटतील.

आता क्रम. आधी डीग्रीझरने धुवा, मग थिनरने पुसा, आणि मगच घासा. उलट केलं, म्हणजे आधी घासलं, तर मेण आणि तेल पॉलिश पेपरच्या ओरखड्यांत दाबून भरलं जातं आणि नंतर कशाने निघत नाही. थिनरची चिंधी एका हाताने फिरवायची आणि दुसऱ्या हातातल्या कोरड्या चिंधीने लगेच टिपायचं. थिनर आपोआप उडू दिला तर तेल जागच्या जागी परत बसतं. मग अळूच्या पानाची परीक्षा. ती पास झाली की ८० ने घासा, कडा १२० ने. या धुळीत फायबर आणि सिलिका दोन्ही असतात. निदान एन९५ मास्क लावा. रुमालाने ही धूळ अडत नाही आणि फुफ्फुसात गेलेली सिलिका बाहेर येत नाही.

टेप लावताना प्रत्येक फिटिंगभोवती, झाकणांच्या कडेला आणि बोटीच्या काठाला एक ते दीड इंच गुळगुळीत पट्टी सोडा. तिथून पाणी वाहून जातं, सीलंट नीट धरतं, आणि पुढे ती फिटिंग काढायची वेळ आली तर रंग फाटत नाही. कोपरे काटकोनी ठेवू नका. डब्याचं झाकण ठेवून गोल काढा. टोकदार कोपऱ्याचा रंग सगळ्यात आधी सुटतो.

इपॉक्सी प्रायमर मारल्यावर दुसऱ्या दिवशी त्यावर हाताचं बोट फिरवा. मेणचट लागलं तर दमट हवेत इपॉक्सीवर येणारी साय आहे ती. स्वच्छ पाण्याने आणि हिरव्या घासणीने धुवा, सुकवा, मग १२० ने हलकं घासा. तिच्यावर पेपर चालवून ती निघत नाही, फक्त पसरते, आणि वरचा पीयू तिच्यावरून सुटतो.

पीयूचा पहिला हात भरीव मारा, पण एका वेळी हात पोचेल एवढाच, दीडेक मीटरचा पट्टा. लगेच वाळू. डब्याच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडा आणि हात दीड-दोन फूट उंच ठेवून पाऊस पडावा तशी टाका. जवळून टाकली तर एका जागी ढीग पडतो. ओला रंग दिसेनासा होईपर्यंत टाकत राहा. काटकसर करून अधूनमधून टाकली तर डेक बिबट्यासारखा ठिपकेदार होतो आणि मधल्या टकलांवर पाय घसरतो. चौरस मीटरला किलोभर हाताशी ठेवा, त्यातली बरीच परत झाडून मिळते. टाकलेल्या वाळूवर रोलर फिरवायचा नाही.

रात्रभर सुकू द्या. सकाळी मऊ झाडूने सैल वाळू गोळा करा, हात फिरवून अजून दाणे निघतात का ते बघा, पुन्हा झाडा. मग दुसरा हात, दाण्यांना बांधून ठेवणारा. तिसरा पातळ, आणि तिथे थांबा. डब्यात रंग उरला म्हणून चौथा मारला जातो आणि आताच तयार केलेले खळगे आपल्याच हाताने बुजवले जातात. शेवटचा हात बोटाला चिकटायचा थांबला पण नख रुततं आहे, अशा वेळी टेप काढा. पूर्ण सुकल्यावर ओढलात तर कडा दातेरी फाटते.

रंगातच वाळू कालवून मारायची पद्धत घाईची आहे. लिटरला १०० ते १२० ग्रॅम घाला आणि दर दोन मिनिटांनी तळापासून ढवळा, नाहीतर सुरुवातीची जागा गुळगुळीत आणि शेवटची खडबडीत होते. शिडीच्या पायऱ्या, खणाची झाकणं अशा छोट्या जागांना ती ठीक. अख्ख्या डेकला नको.

चालायला दोन दिवस, जाळी आणि टब चढवायला सात दिवस. रंग फिका करडा किंवा फिका हिरवा घ्या. पांढरा डोळ्यांवर येतो, आणि गडद निळ्यावर एप्रिलमध्ये अनवाणी उभं राहता येत नाही.

पुढच्या वर्षी डेक मळकट दिसला म्हणून लगेच रंगाचा हात मारू नका. आधी तीन दिशांनी धुवा. रंग खरोखर पांढुरका पडून बोटाला पूड लागत असेल तरच एक पातळ हात, तोही हलकं घासून. असे दोन हात झाले की तिसऱ्या वेळी पुन्हा वाळू टाकावी लागेल हे धरून चाला.

फोम आणि टेप

पर्यटन बोटींवर आता ५-६ मिलिमीटर जाडीचे ईव्हीए फोमचे चिकटवायचे शीट दिसतात. पायाला छान, उन्हात गडद रंगाचे फार तापतात. त्यांना साबण आणि मऊ ब्रश एवढंच. ॲसिटोन, थिनर, पेट्रोल यांनी फोम फुगतो आणि गोंद विरघळतो. प्रेशर वॉशर कडेवर मारला की शीट सोलून निघतं. पर्यटकांच्या सनस्क्रीनचे पिवळे डाग त्याच दिवशी साबणाने काढा, मुरले की जात नाहीत. सुटलेली कड ताबडतोब चिकटवा: दोन्ही बाजू साफ आणि कोरड्या, कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्हचा पातळ थर दोन्हीकडे, दहा मिनिटं थांबून दाबणं. मासेमारीच्या बोटीवर फोम लावू नका; गळ, सुरी आणि टब त्याला एक हंगाम टिकू देत नाहीत.

शिडीच्या पायरीला खरखरीत टेप लावायची असेल तर प्रत्येक कोपरा कात्रीने गोल करा, पायरीच्या पुढच्या कडेपासून अर्धा इंच आत ठेवा आणि रबरी रोलरने मधून बाहेर दाबत न्या. खाली एकही बुडबुडा राहिला तर खारं पाणी तिथूनच आत शिरतं. दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट सोडा, पाणी तिथून निघून जाईल. कड उचलली गेलेली टेप परत दाबून बसवायचा खटाटोप करू नका. हेअर ड्रायरने गरम करून पूर्ण काढा, खालचा गोंद पुसा, नवी लावा.